सूचना क्रमांक पाच

पाचव्या क्रमांकावर माझं नाव होतं. पहिल्यावर यात्रेची सुट्टी, दुसऱ्यावर सुट्टीत मुख्यालय सोडण्यापूर्वी अर्ज देण्याबद्दलची सूचना, जी दरवर्षी निघते आणि दरवर्षी कोणी पाळत नाही, तिसऱ्यावर एकता जैन मॅडमना पीएच.डी. मिळाल्याबद्दल अभिनंदन, चौथ्यावर स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये डबे विसरू नयेत, सहाव्यावर पाण्याची टाकी धुणार असल्याने शुक्रवारी नळाला पाणी येणार नाही. आणि मध्ये, डबा आणि टाकी यांच्यामध्ये, ‘प्रा. हेमराज पाटील, भूगोल विभाग, यांची त्यांच्या विनंतीवरून संस्थेच्या अक्कलकुवा शाखेत बदली करण्यात येत आहे.’ मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. लोटनआप्पा शिपाई समोर उभा होता, त्याने सूचनावही आणि शाईचं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, प्राचार्यसाहेबांनी सांगितलंय, दुपारच्या सभेच्या आत अक्षर काढून ठेवा. अक्षर माझं चांगलं आहे. एवढ्या एका गुन्ह्यासाठी सतरा वर्षं मी या महाविद्यालयाच्या सूचना लिहितो आहे.

आता कोणी म्हणेल, आजच्या काळात सूचना हाताने कशाला लिहिता. हेच मी सतरा वर्षं म्हणतो आहे. हजेरीला अंगठ्याचं यंत्र आहे, व्हॉट्सॲपवर तीन गट आहेत, त्यातल्या एकावर फक्त सकाळची फुलं येतात. पण सूचना हातानेच. कारण संस्थेच्या संस्थापकांचं मत होतं की छापलेला कागद बदलता येतो, शिवलेल्या वहीचं पान बदलता येत नाही. संस्थापक गेले, मत राहिलं. लाल कापडाची बांधणी, पानांवर क्रमांक, खाडाखोड चालत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी सूचना लिहायच्या, सभेत वाचायच्या, मग लोटनआप्पाने वही फिरवायची आणि प्रत्येकाने ‘वाचले’ असं लिहिलेल्या रकान्यात सही करायची. शेवटी प्राचार्यांची सही आणि शिक्का. त्यानंतर त्यातलं वाक्य म्हणजे संस्थेचं वाक्य, मग विद्यापीठ विचारो की कोर्ट. सही करताना कोणी वाचत नाही. आप्पा पान असं दुमडून पुढे धरतो की फक्त सहीचा रकाना दिसतो. वेळ वाचतो म्हणतो. मीही कधी वाचून सही केली नाही, पण मी निदान लिहिलेलं तरी असायचं.

मी कागद घेऊन प्राचार्य गिरासेंकडे गेलो. रस्त्यावरून घोड्यांचा ट्रक जात होता, सारंगखेड्याच्या यात्रेला, आणि आमचे प्राचार्य खिडकीतून वाकून त्यातला पांढरा घोडा मारवाडी की काठेवाडी हे ठरवत होते. मी म्हणालो, सर, मी विनंती केलेली नाही. त्यांनी बसा म्हटलं. मी उभाच राहिलो. मग त्यांनी पाणी मागवलं, माझ्या आईची चौकशी केली, आमच्या गावी, कळसाडीला, यंदा ऊस कसा आहे ते विचारलं, थोडक्यात माणूस ज्याला काही सांगायचं नसतं त्याला जे जे विचारतो ते सगळं विचारलं. मी पुन्हा म्हणालो की मी अर्ज दिलेला नाही, आणि आपल्याकडे विनंतीवरून गेलेला माणूस नव्या जागी ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली बसतो, जूनमध्ये विभागप्रमुखपद माझ्याकडे येणार होतं ते आता माझ्याच विभागातल्या धर्मेंद्रकडे जाईल, आणि धर्मेंद्र हा संस्थेच्या अध्यक्षांचा कोण लागतो हे मी सांगायला हवं का. शिवाय एकदा वहीत विनंती म्हणून चढलं की मला कुठेही दाद मागता येणार नाही. गिरासे सर वाईट माणूस नाहीत. म्हणूनच त्यांचा जास्त संताप येतो, वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पाटील सर, शब्द तुमचाच आहे. मी फक्त वापरला,” ते म्हणाले. “त्याने माणसाचा मान राहतो, हेही तुम्हीच सांगितलं होतं मला.”

हे खरं होतं. चौदा वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या एका सरांना परीक्षेतल्या एका भानगडीवरून हलवायचं होतं. भानगड वहीत लिहावी तर संस्थेची अब्रू जाते, न लिहावी तर बदलीला कारण नाही. सगळे डोकं धरून बसले होते आणि मी, नोकरीत तसा नवा, सुंदर अक्षराचा मालक, म्हणालो, ‘त्यांच्या विनंतीवरून’ लिहू या. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. त्या रसायनवाल्या सरांनी जाताना माझे हात हातात घेतले होते. मला वाटलं, भाषा म्हणजे काय चीज आहे, दोन शब्दांत माणूस वाचवता येतो. घरी जाऊन मी रंजिताला, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, हे अभिमानाने सांगितलं होतं. त्यानंतर तो शब्द संस्थेला असा आवडला की ग्रंथपाल गेले विनंतीवरून, कनिष्ठ लिपिक गेला विनंतीवरून, व्यायामशिक्षक तर दोनदा गेले, जातानाही विनंतीवरून आणि येतानाही. एवढी विनंती करणारी माणसं बघून बाहेरच्याला वाटावं, इथे सगळे हात जोडूनच फिरतात. मी प्रत्येक वेळी लिहीत गेलो. वळणदार लिहीत गेलो.

स्टाफरूममध्ये आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. प्राचार्यांच्या केबिनमधून कोणीतरी कच्च्या कागदाचा फोटो काढून गटावर टाकला होता आणि खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. कोणी म्हणालं, सर, छान निर्णय, तिकडे हवा चांगली. कोणी म्हणालं, आम्हाला कळू दिलं नाहीत, एवढे आतल्या गाठीचे असाल असं वाटलं नव्हतं. धर्मेंद्र माझ्याकडे न बघता खुर्ची पुसत होता, त्याला अजून लाज वाटत होती, हे मला बरं वाटलं. एकता मॅडम पीएच.डी.चे पेढे वाटत होत्या, त्यांनी मला दोन दिले, एक बदलीचा म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, मी मागितली नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अहो, असू द्या, आम्ही नाही कोणाला सांगत. मी परत सांगितलं. त्यांनी मान हलवली, आपण रागावलेल्या पाहुण्यापुढे हलवतो तशी. सतरा वर्षं ज्या लोकांबरोबर मी एकाच किटलीतला चहा प्यायलो त्यांच्यापैकी एकालाही असं वाटेना, की हा माणूस खोटं का बोलेल. त्यांना लिहिलेलं खरं वाटत होतं. आणि ते लिहिलेलं तर अजून लिहायचंच होतं, माझ्याच हाताने, शाईच्या पेनाने, दुपारी तीनच्या आत.

तेवढ्यात रंजिताचा फोन. तिला तिच्या महिला मंडळाच्या गटावरून कळलं होतं. घरी आम्ही अहिराणीतच बोलतो, आणि रागावली की तिची अहिराणी माझ्या आईपेक्षा जुनी होते. “तुम्हीन अर्ज दिन्हा आन माले इचारं बी नही,” ती म्हणाली. मी म्हणालो, नही दिन्हा. ती म्हणाली, “मंग तसं लिखेल कसं शे?” मी तिला समजावत राहिलो की ती लिहिण्याची एक पद्धत असते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी आधी कुणाला तरी जसंच्या तसं म्हटलेलं आहे. रंजिताला मात्र दुसरंच आठवत होतं. गेल्या उन्हाळ्यात घरात पाहुणे, लाऊडस्पीकर आणि तिच्या भावाच्या प्लॉटची भांडणं असं सगळं एकदम चाललं असताना मी वैतागून म्हटलं होतं की उठावं आणि डोंगरात कुठेतरी एकटं जाऊन राहावं. ते तिने जपून ठेवलं होतं. माणूस घरात वैतागाने काय काय बोलतो, त्याची वही कोणी ठेवत नाही असं आपल्याला वाटतं. तिने फोन ठेवला. नंतर मी दोनदा लावला, तिने उचलला नाही.

मी वही घेऊन भूगोलाच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे कोणी येत नाही. भिंतीवर जिल्ह्याचा उठावाचा नकाशा आहे, मुलांनी कागदाच्या लगद्याचा केलेला, दक्षिणेला तापीची निळी पट्टी आणि उत्तरेला सातपुडा, जो दर पावसाळ्यात ओल धरून थोडा थोडा बसत चालला आहे. अक्कलकुव्याच्या जागी टाचणी होती. ती चार वर्षांपूर्वी मी लावली होती, जालमसिंग सरांच्या निरोपाच्या दिवशी, गंमत म्हणून. जालमसिंग पावरा इतिहास शिकवायचे. धडगावच्या वरच्या अंगाचा माणूस, शाळेत गेल्यावर मराठी शिकला, म्हणून त्याची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांची बदली निघाली तेव्हा सगळ्यांना ते इतकं साहजिक वाटलं, डोंगरातला माणूस डोंगराकडे चालला, मागितलंच असणार. मला माहीत होतं की मागितलेलं नाही. त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, तिला ऐकू येत नव्हतं, आणि तिच्यासाठीची शाळा इथे होती. ते याच प्रयोगशाळेत आले होते. खुर्चीवर बसलेही नाहीत. म्हणाले, सर, तेवढे दोन शब्द लिहू नका, म्हणजे मला वर अर्ज करता येईल. आणि मी, मान न वर करता, कारण अक्षर बिघडतं, म्हणालो, “अहो, लिहिण्याची पद्धत असते ती. तुमचाच मान राहतो.” मी ते अत्यंत प्रेमाने म्हटलं होतं, हे मला आठवतं, आणि त्याचीच आज किळस येते. त्या दिवशी सभेनंतर त्यांनी वहीत सही केली तेव्हा आप्पाने दुमडलेलं पान त्यांनी उलगडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मग पूर्ण नाव लिहून सही केली. ती सही घाईत झालेली नव्हती.

मी मागची पानं उलटली. पान एकशे बारा, सूचना क्रमांक सात. माझं अक्षर तेव्हा जास्तच चांगलं होतं. मी बघत बसलो असतानाच फोन वाजला आणि नाव दिसलं ते जालमसिंगांचंच. चार वर्षांत आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोललेलो नव्हतो. मी मनाची तयारी केली की आता हा म्हणेल, कसं वाटतं. ते म्हणाले की गटावर वाचलं, बसस्टँडच्या मागे एक खोली आहे, पाणी सकाळी येतं, घरमालक चांगला आहे, धरून ठेवू का. मी हो की नाही ते सांगितलं नाही. मी त्यांना विचारलं, सकाळपासून सगळे विचारतायत की अर्ज का दिला, तुम्ही विचारलं नाही.

“कशाला विचारू, सर?” ते म्हणाले. “मला माहीत आहे ना.”

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, मिळाला नाही. मग मी मुलीची चौकशी केली, जी मी चार वर्षांत केली नव्हती. ती अकरा वर्षांची झाली, त्यांनी सांगितलं, इथेच वसतिगृहात ठेवली आहे, दर रविवारी ते भेटायला येतात. म्हणजे दर रविवारी, मी अंगणात पेपर वाचत असताना, हा माणूस माझ्या घरावरून जात होता. मग ते म्हणाले, “बायको मात्र रविवारी माझ्याबरोबर येत नाही, वेगळी येते. तिला अजून वाटतं, गावाकडची जमीन जवळ पडावी म्हणून मीच मागून घेतली बदली, आणि मुलीला सोडलं. मी किती वेळा सांगितलं. पण वहीत होतं ना, सर. तिने वहीच्या पानाचा फोटो पाहिला होता.” एवढं सांगून ते पुन्हा खोलीकडे वळले, म्हणाले, मालकाला दोन दिवसांत सांगावं लागेल.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसलो. अडीच वाजत आले होते. खाली मुलं यात्रेच्या गप्पा मारत गाड्या काढत होती, आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्यांमुळे रस्ता अडला होता म्हणून सगळे एकदम हॉर्न वाजवत होते, जणू हॉर्नने ऊस हलतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत गोष्ट सोपी होती. दोन शब्द गाळायचे. गाळले की मला वर जाता येईल, भांडता येईल, कदाचित हरता येईल, पण विनंती केली असं तरी होणार नाही. जालमसिंगांचं काय करायचं, ते अवघड होतं. ते लिहायचं म्हणजे मी आधी खोटं लिहिलं हे लिहायचं. आणि ज्याने एक नोंद खोटी केली त्याने इतर खोट्या केल्या नसतील कशावरून, हे माझ्याच प्रकरणात मला पहिल्यांदा कोणी विचारलं असतं तर धर्मेंद्रच्या वकिलाने विचारलं असतं. म्हणजे शहाणपण असं की आधी आपली सुटका करावी, दुसऱ्याचं नंतर बघावं. नंतर म्हणजे कधी, हे मी चार वर्षं पाहिलंच होतं.

मी एक ते चार लिहिलं. मग पाच लिहिलं. ‘प्रा. हेमराज पाटील, भूगोल विभाग, यांची अक्कलकुवा शाखेत बदली करण्यात येत आहे. त्यांनी तशी विनंती केलेली नाही. तसेच पान ११२ वरील सूचना क्रमांक ७ मध्ये प्रा. जालमसिंग पावरा यांची बदली त्यांच्या विनंतीवरून झाल्याचे नमूद आहे. त्यांनी विनंती केलेली नव्हती. ती नोंद, माहीत असूनही, मी खोटी लिहिली. – हेमराज पाटील.’ मग सहा, पाण्याची टाकी. अक्षर बिघडलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

सभेला मी वही घेऊन गेलो. मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं. घसा दोनदा साफ केला होता, पहिल्या रांगेत धर्मेंद्र बसला होता, त्याच्याकडे बघून वाचायचं की खिडकीकडे, हेही ठरवलं होतं. वाचल्यावर गिरासे सर काय म्हणतील, मी काय म्हणेन, मग ते काय म्हणतील, हा सगळा संवाद मी जिन्यात तीनदा म्हटला होता, आणि तिन्ही वेळा मी जिंकलो होतो. मी उभा राहिलो, वही उघडली, सूचना क्रमांक एक म्हणालो, आणि मागून कोणीतरी म्हणालं, सर, साडेतीनची सारंगखेड्याची गाडी आहे. दुसरं कोणी म्हणालं, सगळं गटावर आलंच आहे. मी म्हणालो की वाचणं आवश्यक आहे. एकता मॅडम म्हणाल्या, पाटील सर, आज शेवटचा दिवस तुमचा, आज तरी त्रास घेऊ नका. सगळे हसले, प्रेमाने. मी म्हणालो, नाही, मला वाचायचंच आहे. तेव्हा प्राचार्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना बहुधा वाटलं की मी रडेन.

“बसा, पाटील सर,” ते म्हणाले. “सूचना वाचल्या असं समजण्यात येत आहे. आप्पा, वही फिरव.”

सतरा वर्षांत मी किती रटाळ सूचना वाचल्या, पंख्यांच्या, फलकांच्या, सायकलस्टँडच्या, आणि सगळ्यांनी जांभया देत का होईना ऐकल्या. एकदा, फक्त एकदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं. मी उभा होतो आणि वही माझ्या हातातून आप्पाने काढून घेतली. त्याने सवयीने पान दुमडलं. मी त्याला थांबवून पान उलगडलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ना सर, गाडी जाई लोकेसनी,” आणि परत दुमडलं. मग सह्या सुरू झाल्या. मी एकेक बघत होतो. एकता मॅडमनी पेढ्याची बोटं पुसून सही केली. धर्मेंद्रने सही केली, चांगली लांबलचक, खाली रेघ मारून. व्यायामशिक्षकांनी उभ्या उभ्या भिंतीला वही टेकवून केली. एकोणतीस माणसांनी ‘वाचले’ या शब्दाखाली सह्या केल्या की हेमराज पाटलाने विनंती केली नाही आणि जालमसिंग पावरांनीही केली नव्हती. शेवटी प्राचार्यांनी सही केली, आप्पाने शिक्का उठवला, फुंकर मारली, आणि वही मला परत दिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे वाचा, एकाने तरी वाचा. पण ते सगळे पिशव्या उचलत होते, आणि मला हेही कळत होतं की याच न वाचण्यावर मी चौदा वर्षं निवांत जगलो होतो.

सभागृह रिकामं झाल्यावर मी खिडकीजवळ उजेडात वही ठेवली आणि त्या पानाचा फोटो काढला, सह्या आणि शिक्क्यासकट. रंजिताला पाठवला. तिच्याकडून काही आलं नाही. मग जालमसिंगांना पाठवला. काय लिहावं सुचेना, म्हणून खाली काहीच लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग काही नाही. आप्पा खिडक्या लावत फिरत होता, एकेक पंखा बंद करत होता, माझी खिडकी तेवढी त्याने शेवटी ठेवली. चार वाजले, सव्वाचार वाजले. मी चपला घालून दाराशी आलो तेव्हा फोन थरथरला.

‘सर,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाचा.’